हसणाऱ्या लक्ष्मीबाई

दिवाळी अंकातले सदर खुसखुशीत असावे, असा आमच्या संपादकांचा दरवर्षी आग्रह असतो. चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायचे पान आहे हे, त्यात तोंड कडू करणारे काही नको, असे त्यांचे म्हणणे. ते रास्तच आहे. गेल्या दिवाळीत मी पेपर तपासणाऱ्या मास्तरांच्या विसराळूपणावर लिहिले होते आणि त्यावर वाचकांची पुष्कळ पत्रे आली होती. यंदाही असाच एक हलकाफुलका विषय मनात धरून ठेवला होता. श्रावणात कागद पुढे घेऊन बसलो. (दिवाळीचे हसू आम्हां लेखकमंडळींना श्रावणातच आणावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) पण एक ओळ पुढे सरकेना.

त्याचे कारण असे, की यंदा आमच्या दाराला आकाशकंदील लागायचा नाही. फेब्रुवारीत माझे थोरले बंधू गेले. वडील आम्ही लहान असतानाच वारले, तेव्हापासून दादाच माझा बाप. माझी फी त्याने भरली, माझे लग्न त्याने केले. एम. ए. ला मराठी घेतो म्हटल्यावर घरात सर्वांनी कपाळाला हात लावला, तेव्हा एकटा तो म्हणाला होता, "घेऊ दे त्याला. भाषा शिकून कोणी उपाशी मेल्याचे ऐकिवात नाही." दादाचा अंदाज सहसा चुकत नसे. याही बाबतीत अगदीच चुकला असे म्हणता यायचे नाही.

जानेवारीत तो इस्पितळात होता. रात्री त्याच्या उशाशी बसण्याची पाळी माझी असे. झोप त्याला येत नसे आणि बोलले की दम लागे. एकदा म्हणाला, "काहीतरी वाच. पण ज्ञानेश्वरी नको. ज्ञानेश्वरी वाचायला लागलास की मला वाटेल, आटोपलेच." मी दुसऱ्या दिवशी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घेऊन गेलो. हे पुस्तक मी वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. त्यातले कोणते पान उघडले म्हणजे मागच्या बाकावरची मुलेसुद्धा हसतात, हे मला पाठ आहे. तीच पाने मी दादापुढे उघडली. तो हसला. इतका हसला, की ठसका लागला आणि नर्सबाई मला रागे भरल्या.

चार-पाच रात्री असे चालले. मग एका रात्री मी वाचता वाचता थांबलो तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "काय रे, हिने एवढे भोगले आणि ही हसते कशी?"

मी म्हटले, "असतो एकेकाचा स्वभाव."

"हे परीक्षेतले उत्तर झाले," दादा म्हणाला. "दोन मार्कांचे."

त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांतच तो गेला. प्रश्न तसाच राहिला. जूनमध्ये कॉलेज उघडले, जुलैत वर्गात 'स्मृतिचित्रे' लागले. नेहमीचे पान उघडून मी वाचायला लागलो, मुले हसली, आणि माझ्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. "उरलेले घरी वाचा" म्हणून मी तास वीस मिनिटे आधी सोडला. त्या दिवसापासून दादाला द्यायचे राहून गेलेले उत्तर मी शोधतो आहे. या पानांत तेच मांडतो. दोनाहून अधिक मार्कांचे होते की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते, पण ती तुकड्यातुकड्यांनी. कोणाला शाळेच्या पुस्तकातला धडा म्हणून, कोणाला नाटकाच्या प्रयोगातून. म्हणून जरा सलग सांगतो. नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले हे त्यांचे माहेर. जन्म १८६८ चा. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाले आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू घरात घ्यायची ती धुऊन. धान्य धुवायचे, मीठ धुवायचे. धुतलेल्या मिठातले उरत किती असेल, याचा हिशेब आपणच करावा. बायकामुलांचे निम्मे आयुष्य ओल्या कपड्यांत गेले. आज असे काही कोणाच्या घरी चालले तर आपण वडिलांना डॉक्टरकडे नेऊ, आणि मुलगी मोठी झाल्यावर आपल्या बालपणाची कैफियत लिहील. लक्ष्मीबाईंनी लिहिले ते वाचून हसू येते, आणि गंमत म्हणजे हसता हसता त्या वडिलांची दयाच येते, राग येत नाही.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक. कवी माणूस, विद्वान, हातात पैसा ठरत नाही, पायाला भिंगरी, रागाचा पारा केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल त्याचा नेम नाही. न सांगता घरातून निघून जायचे आणि चार गावे फिरून यायचे. सासरेही तिरसटच. काही मुले हाती लागली नाहीत. १८९१ साली झालेला दत्तू तेवढा वाढत होता. अशात नागपूरहून राजनांदगावला जाताना टिळकांना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. त्याने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचायचे कबूल केले होते म्हणून वाचायला घेतले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या काळी ब्राह्मणाच्या घरात याचा अर्थ काय होता, ते आज समजावून सांगणे कठीण आहे. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालायचे नाही. बायको सवाष्ण, पण सवाष्णीसारखी नांदणार कोठे? नातेवाइकांनी लक्ष्मीबाईंना पंढरपुरास नेले. वर्षे गेली, चार-साडेचार. पत्रे यायची, भांडणे पत्रांतून व्हायची, समजूतही पत्रांतूनच. याच दिवसांत त्या कविता जुळवू लागल्या. पुढे त्या दत्तूला घेऊन नवऱ्याकडे गेल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळे. आणि इथे टिळकांना शंभर गुण द्यायला हवेत. बायकोचे सोवळे सांभाळण्याची व्यवस्था त्यांनी स्वतः केली, ओढाताण केली नाही.

लक्ष्मीबाई बदलल्या त्या कोणाच्या प्रवचनाने नव्हे. महाबळेश्वरी असताना एकदा एकट्याच बसल्या होत्या. मनात विचार आला, की गाय आणि घोडा या दोन जाती देवाने केल्या हे डोळ्यांना दिसते, माणसांत मात्र बाई आणि पुरुष एवढ्या दोनच दिसतात. मग या बाकीच्या आल्या कोठून? उत्तर मिळाले तसे वागायचे ठरवून त्या घरी आल्या आणि आजपासून कोणाच्याही हातचे खाईन म्हणून सांगितले. ज्या मुलीच्या बापाने मीठ धुतले, तिने हे म्हणावे! त्यानंतर काही काळाने, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता पुष्कळ चरित्रांत इथे पडदा पडतो आणि मागून गोड वाद्ये वाजू लागतात. पण बाप्तिस्म्याच्या पाण्याने घरातली ददात काही धुऊन निघाली नाही. टिळक पूर्वीसारखेच उधळे. दुष्काळातली पोरकी मुले घरात, खाणारी तोंडे वाढती आणि पगार मिशनचा, म्हणजे बेताचाच. नगरला प्लेग आला तेव्हा मिशनच्या शाळेतल्या मुली छावणीत हलवल्या, तर बाई त्यांच्याबरोबर जाऊन राहिल्या आणि आजारी मुलींची शुश्रूषा केली. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला ठोंबरे नावाचा पोरसवदा मुलगा, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरला यांच्या घरी येऊन राहिला. बाईंनी त्याला मुलासारखा सांभाळला. १९१८ च्या मे महिन्यात तो भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली गेला. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगारच सोडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा असेल असा 'देवाचा दरबार' त्यांना भरवायचा होता. मिशनवर रुसून नव्हे. ख्रिस्त आपल्या लोकांना आपल्या वेषात भेटला पाहिजे, हा त्यांचा ध्यासच होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत, आणि त्यांची भजने ऐकली म्हणजे तो पूल त्यांनी मागे जाळून टाकला नव्हता हे कळते. तर पगार गेला, पाठोपाठ तब्येत गेली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक वारले. बालकवींना जाऊन नुकते वर्ष झाले होते.

लक्ष्मीबाईंना तेव्हा पन्नाशी गाठली होती. शिक्षण म्हणाल तर नवऱ्याने हौसेने शिकवले तेवढेच. जोडाक्षरांशी त्यांचे कधी जमले नाही. पुढे मुलींच्या वसतिगृहावर देखरेख केली, मुलाबरोबर कराचीत राहिल्या. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचे ओवीबद्ध काव्य आरंभून थोड्याच अध्यायांवर सोडले होते. ते या बाईने हाती घेतले आणि डोंगराएवढे वाढवले. आणि मुलाला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्याला साहित्य म्हणून आपल्या आठवणी खरडायला घेतल्या, त्याची झाली 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात चार भाग निघाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या.

इथे माझी शिकवण्यातली एक चूक कबूल करतो. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो, की लक्ष्मीबाई जन्मतःच विनोदी. बघा, बापाच्या सोवळ्यातही त्यांना विनोद दिसतो. म्हणजे धर्मांतर व्हायच्या पुष्कळ आधीपासून ती वृत्ती होती, धर्माचा तिच्याशी संबंध नाही. कसे बिनतोड वाटते! दादाला दिलेले 'स्वभावा'चे उत्तर यातलेच. पण जुलैत तो तास अर्धा सोडून घरी आलो, पुस्तकाच्या पहिल्या पानावरचे साल पाहिले आणि मनात चरकलो. अहो, हे सगळे पुस्तक साठीच्या बाईने लिहिलेले आहे! मीठ धुणाऱ्या बापाकडे बघून हसते ती सहा वर्षांची मनू नव्हे. त्या पोरीला थंडीत ओले कपडे घालताना हसू कोठून येणार? हसते ती सगळे भोगून झालेली, सगळ्यांना पोचवून आलेली विधवा. ते हसू बालपणातून पुढे आलेले नाही, म्हातारपणातून मागे पसरलेले आहे. दिवा खोलीच्या टोकाला ठेवला तरी उजेड दारापर्यंत येतो, तसे.

आणि एक. हसण्याचे प्रकार असतात. टोचून हसणारा माणूसही विनोदीच म्हणायचा. बाईंना टोचायला जागा कमी नव्हत्या. बाप, सासरा, नवरा, सोडून गेलेले सोयरे, उपदेश करणारे नवे धर्मबंधू. पण पुस्तकभर कोणाची वसुली नाही. जमाखर्च आहे, पै न् पैचा आहे, पण शेवटी येणे काढलेले नाही. मला वाटते, दादाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे. ज्याचे येणे उरलेले नसते त्यालाच असे हसता येते. आपल्याला कोणीतरी मोठ्या हाताने माफ केले आहे, अशी ज्याची खात्री पटलेली असते, त्याला दुसऱ्यांची किरकोळ बाकी सोडून देणे जड जात नाही. ही खात्री लक्ष्मीबाईंना ख्रिस्तापाशी मिळाली. त्या तसे व्याख्यान देऊन सांगत नाहीत, म्हणून आम्हां मास्तरांच्या ते लक्षात येत नाही.

उरलेले निम्मे उत्तर पुस्तकात सापडले नाही. ते खालच्या मजल्यावर सापडले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. नगर जिल्ह्यातल्या, निवृत्त नर्स. सगळी बिऱ्हाडे त्यांना मावशी म्हणतात. इंजेक्शन टोचून घ्यायचे असो की बाळाचे पोट दुखत असो, रात्री दोन वाजताही मावशींचे दार उघडते. दादाच्या शेवटच्या दिवसांत घरी आणल्यावर त्याला कुशीवर वळवायला त्याच येत. यजमान जाऊन बारा वर्षे झाली. एकुलता एक मुलगा त्यानंतर तिसऱ्या वर्षी मोटारीच्या अपघातात गेला. आणि सकाळी सात वाजता मावशींच्या खिडकीतून टिळकांचे भजन ऐकू येते, ते पूर्वीसारखेच. आवाज मात्र आता थोडा कापतो.

श्रावणातच एका संध्याकाळी त्या वर आल्या. "सर, यंदा तुमच्याकडं कढई चढायची नाही. करंज्या आणि शेव माझ्याकडून. वहिनींना विचारून घ्या, सारणात वेलदोडा चालतो का." नाताळात त्यांच्याकडून करंज्या येतातच, आमच्या मुलांना दिवाळी दोनदा असते. मी हो म्हटले आणि मनात घोळत होते ते एकदम बोलून गेलो. "मावशी, तुम्ही हसता कशा हो?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. रोग्याची नाडी बघताना नर्स पाहते तसे. मग म्हणाल्या, "सर, मी रडत नाही असं वाटतं काय तुम्हाला? रडते की. पोराच्या वाढदिवसाला तर दार लावून रडते. प्रभूलासुद्धा बोल लावते, का नेलंस म्हणून. तो ऐकून घेतो."

"मग?"

"मग काय? रडून झाल्यावर मी एकटी नसते, एवढंच. तुम्ही आनंद आनंद म्हणता, तो म्हणजे काही दुःख गेल्यावर येणारा पाहुणा नव्हे. दुःख बाहेरच्या खोलीत बसलेलं असतं, तेव्हाही तो सैपाकघरात असतोच. चहा टाकायला आत गेलं की भेटतो."

आमच्या भाषेत 'आनंदीआनंद' हा शब्द आपण कारभाराचा बट्ट्याबोळ झाला म्हणजे वापरतो. मराठी माणसाचा आनंदावर विश्वास कमीच, असे मी वर्गात विनोदाने म्हणत असे. मावशींचे बोलणे ऐकल्यावर तो विनोद पुन्हा करावासा वाटणार नाही.

जाताना त्या मला एक वाचायला सांगून गेल्या. पौलाचे फिलिप्पैकरांस पत्र. "चारच अध्याय आहेत, तुमच्यासारख्याला अर्धा तास पुष्कळ." मी वाचले. फिलिप्पै हे मासेदोनियातले शहर. पौल तिथे पहिल्यांदा गेला तेव्हा त्याला आणि त्याचा सोबती सीला याला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले होते. आणि मध्यरात्री हे दोघे स्तोत्रे गात होते, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे. पुढे त्याच गावच्या मंडळीला त्याने हे पत्र धाडले, तेही दुसऱ्या एका कैदेतून. सुटका होईल की मरण येईल, ठाऊक नाही. आणि त्या एवढ्याशा पत्रात आनंद हा शब्द पुनःपुन्हा येतो. एखाद्या विद्यार्थ्याने निबंधात एकच शब्द इतक्यांदा वापरला असता तर मी तांबड्या शाईने खुणा केल्या असत्या. पण कैदेतल्या माणसाने तो वापरला म्हणजे वजन बदलते. बाहेर सारे ठीक असताना म्हटलेला आनंद आणि पायांत साखळी असताना म्हटलेला आनंद यांचे स्पेलिंग एक, अर्थ निराळे.

तरी माझ्यातला मास्तर शंका काढतोच. धर्म घेतला की लगेच हा आनंद मिळतो काय? याला पंडिता रमाबाईंनीच चोख उत्तर देऊन ठेवले आहे. दुष्काळात आई, वडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली. पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षे होत नाहीत तोच नवरा गेला. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि नंतर त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; तो सापडायला आणखी आठेक वर्षे लागली. हा कबुलीजबाब मला फार मोलाचा वाटतो. धर्माच्या बाबतीत आपण सारेच घाईने पहिल्या वर्गात पास झाल्याचे सांगत असतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बाईने दुष्काळातल्या शेकडो मुलींना जगवले, उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंचे ते भाषांतराचे काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. लक्ष्मीबाईंसारख्या त्या हसऱ्या नव्हत्या. त्यांचे फोटो पाहा, गंभीर चेहरा आहे. म्हणजे हा आनंद सर्वांच्या चेहऱ्यावर एकाच रीतीने उमटतो असेही नाही. कोणाच्या विनोदातून डोकावतो, कोणाच्या कामाच्या रेट्यातून. दादाला मी 'स्वभाव' म्हणालो ते इतपत खरे: भांडे कोणत्या घाटाचे, ते स्वभावावर. आत काय भरले, ते निराळे.

मी ख्रिस्ती नाही. आमच्या देव्हाऱ्यात गणपती आहे, आईचा बाळकृष्ण आहे. मावशींनी मला कधी चर्चला चला म्हटले नाही, आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचून मी धर्म बदलावा असे त्या पुस्तकालाही वाटत नसावे. दुसऱ्याच्या श्रद्धेतला आनंद आपल्या घरी उसना आणता येतो काय, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. साखर उसनी मिळते. पण रात्री तीन वाजता दादाच्या रिकाम्या खाटेकडे बघताना मावशींना जो सोबती लाभतो तो मला उसना कसा मिळणार? माझ्या वाटेवर मला शोधावा लागेल, किंवा त्याने मला. एवढे मात्र झाले, की तसे काही असूच शकत नाही, हे सारे मनाचे खेळ, असे पूर्वी मी ज्या ठसक्याने म्हणत असे तो ठसका गेला. तळमजल्यावर पुरावा राहतो आणि तो सकाळी सातला गातो.

हे सदर असे होऊन बसले खरे. संपादकांनी सांभाळून घ्यावे. पण लिहून पुरे करण्याआधी परवाची हकीकत सांगायची राहिली.

परवा रविवारी वहिनी आमच्याकडे आल्या होत्या. फेब्रुवारीपासून त्या येतात, बसतात, विचारले तेवढ्याचे उत्तर देतात आणि जातात. मुलांनी काही गंमत केली तर ओठ हलतात, एवढेच. माझ्या टेबलावर 'स्मृतिचित्रे' पडले होते. ते उचलून त्यांनी पाने चाळली. एका पानात इस्पितळाची औषधाची चिठ्ठी होती, दादाच्या नावाची. मी खूण म्हणून घातलेली आणि विसरलेली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"हे वाचत होता का तुम्ही त्यांना?" वहिनींनी विचारले. "रात्री हसण्याचा आवाज येतो म्हणून शेजारच्या खाटेवरचे सांगत होते. मला वाटले, गुंगीत हसत असतील."

"वाचत होतो."

"मला नाही कधी सांगितलेत." मग पुस्तक माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "वाचा."

मी मीठ धुण्याचे पान काढले. पहिली दोन वाक्ये आवाज नीट लागेना. मग लागला. वहिनी पदर बोटाला गुंडाळीत ऐकत होत्या. एका ठिकाणी त्यांना हसू आले, ते त्यांनी दाबले. पुढच्या ओळीला दाबता आले नाही. खळखळून हसल्या, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. आतून माझी बायको दारात येऊन उभी राहिली. मी पुस्तक मिटू लागलो.

"थांबलात का?" पदराआडून वहिनी म्हणाल्या. "वाचा ना भाऊजी, पुढे वाचा."